सोलरचं गरम पाणी दर हिवाळ्यात बारीक होतं? फिल्टर घेण्याआधी ट्यूबमधली घाण ताटलीत काढून बघा

दिवाळीची पहिली अंघोळ. पहाटे पाचला उटणं लावून पोरं रांगेत उभी, आणि गरम पाण्याच्या नळाला करंगळीएवढी धार. शेजारचा थंड पाण्याचा नळ मात्र धबाधबा. सलग तीन वर्षं हाच प्रकार. तिसऱ्या वर्षी आमच्या हिने गच्चीवरच्या सोलरकडे न बघता माझ्याकडे बघितलं, कारण साखर कारखान्यात बॉयलरवर मी तीस वर्षं काढलीत. "कारखान्याचं पाणी सांभाळलंत, घरचं तेवढं राहिलं," एवढंच म्हणाली.

खरंच होतं ते. बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात क्षाराचा जरा अंश दिसला की केमिस्टच्या टेबलासमोर जाऊन बसणारा माणूस मी, आणि घरी सोलरला बोअरचं पाणी जोडून मोकळा झालो होतो. आमचं घर सांगलीत, विश्रामबागेच्या बाजूला. महापालिकेचं कृष्णेचं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला, बाकी सगळं बोअरवर. सोलर २०० लिटरचा, उन्हात पाणी तापवणाऱ्या काचेच्या २० ट्यूबचा.

बोअर म्हटलं की इथल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. काळ्या फत्तराच्या भेगांतून वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी. त्यात डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि स्टीलचा पेला वाळला की त्यावर पांढरी नक्षी उमटते.

आधी दुखणं कुठे आहे ते बघू

धार बारीक झाली की लोक थेट फिल्टरच्या दुकानात जातात. मीही गेलो होतो. त्याआधी एक बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ घ्या. १५ लिटरची बादली थंड नळाखाली किती वेळात भरते आणि गरम नळाखाली किती, ते लिहून ठेवा. आमच्याकडे थंड ६५ सेकंद, गरम चार मिनिटं दहा सेकंद.

दोन्ही नळ बारीक असतील तर सोलरला दोष देऊ नका, वरच्या टाकीचं तोंड तपासा. एकाच नळाला त्रास असेल तर टोटीची जाळी काढून साफ करा, दहा मिनिटांचं काम आहे. गरम नळ फुरफुरतो, थुंकतो, मध्येच थांबतो आणि पुन्हा सुरू होतो, असं असेल तर लाइनमध्ये हवा अडकलीय. गच्चीवर पाइप कुठेतरी कमानीसारखा वर चढून खाली उतरलेला असतो, तिथे हवा बसते. त्याला जगातला कुठलाही फिल्टर उपयोगाचा नाही. पण घरातल्या सगळ्या गरम नळांना सारखीच बारीक धार असेल आणि ती महिन्यामहिन्याने कमी होत गेली असेल, तर आत काहीतरी साचलंय.

साचण्याचेही दोन परिणाम वेगळे ओळखावेत. ट्यूबच्या तळात थर भरला की पाणी कमी तापतं, धार तशीच राहते. टाकीच्या गरम तोंडाशी आणि तिथल्या एल्बोत, म्हणजे पाइपाच्या काटकोनी वळणात, थर बसला की धार जाते. आमच्याकडे दोन्ही होतं. आणि गच्चीवर गेलाच आहात तर टाकीच्या डोक्यावरचा हवेचा पाइपही बघून घ्या. तो क्षाराने बुजला आणि खाली नळ मोठा सोडला, तर आत पोकळी तयार होऊन चांगली टाकी पत्र्याच्या डब्यासारखी चेपते.

माझे तीन उपाय, तिन्ही फसलेले

पहिल्या वर्षी प्लंबर म्हणाला, "काका, काय नाय हो, ॲसिड मारतो की. तासाभरात मोकळं." पिवळसर ॲसिडचा कॅन ओतला, आत खदखदलं, फेस आला, आणि धार खरंच मोठी झाली. माघ संपेपर्यंत टिकली. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. त्या वर्षी टाकीच्या वेल्डिंगच्या जोडाला पाझर फुटला. ते मिठाचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक. त्यातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीलला सुईने टोचल्यासारखी भोकं पाडतं आणि जीआय (लोखंडी) पाइपचा जस्ताचा मुलामा खाऊन टाकतं. हे मला ठाऊक होतं. तरी मारू दिलं, कारण दिवाळी चार दिवसांवर होती.

दुसरा उपाय दुकानदाराचा. "जितका बारीक तितका भारी," म्हणून त्याने ५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), दहा इंची, दोरा गुंडाळल्यासारखा पांढरा कार्ट्रिज, म्हणजे फिल्टरच्या आतली गाळणी, दिला. सोलरला जाणाऱ्या थंड लाइनवर बसवला. पावसाळ्यात मी महापालिकेचं जास्तीचं पाणी त्याच वरच्या टाकीत सोडायचो, आणि कृष्णेला पूर असला की ते पाणी जरा गढूळच असतं. गणपतीपर्यंत तो पांढरा कार्ट्रिज कॉफीच्या रंगाचा झाला.

पुढचं जरा सविस्तर सांगतो, कारण ही चूक महागात पडते. वरच्या टाकीचा तळ सोलरपेक्षा जेमतेम पाच फूट वर, म्हणजे दीड मीटर. दहा मीटर उंचीला साधारण चौरस सेंटिमीटरवर एक किलो दाब, तेव्हा दीड मीटरला फक्त दीडशे ग्रॅम. एवढ्याशा जोरावर पाण्याने चिखलाने माखलेल्या कार्ट्रिजमधून कसं जायचं? घरात गरम पाणी ज्या वेगाने वापरलं जात होतं, त्या वेगाने वर भरत नव्हतं. एका रविवारी पाहुणे होते, सगळ्यांच्या अंघोळी झाल्या, सोलरची टाकी रिकामी झाली आणि ट्यूब अर्ध्या कोरड्या पडल्या. वर भाद्रपदातलं ऊन. कोरडी ट्यूब उन्हात २०० अंशांच्या वर तापते. दुपारी मी वर जाऊन कार्ट्रिज काढून टाकला, गार पाण्याचा लोट आत गेला आणि टण्ण, टण्ण असे दोन आवाज झाले. दोन ट्यूब गेल्या.

म्हणून आताच सांगून ठेवतो. नुसत्या उंचीच्या दाबावर चालणाऱ्या सोलरच्या तोंडाशी बारीक कार्ट्रिज लावू नका. लावलाच असेल आणि तो तुंबला असेल, तर भर उन्हात काढू नका. सूर्य मावळू द्या, ट्यूब गार होऊ द्या.

तिसरा उपाय विलायतेहून आला. माझा भाचा इंग्लंडमध्ये लीड्सला असतो. त्याच्या घरातले रेडिएटर, म्हणजे खोली उबदार ठेवायला आतून गरम पाणी फिरवणारे भिंतीवरचे पोलादी पत्रे, वरून गरम आणि खालून गार लागत होते. मेकॅनिक आला आणि बॉयलरखालच्या पाइपवर मूठभर जाडीचा एक डबा बसवून गेला. वर्षाने तो उघडला तेव्हाचा व्हिडिओ भाच्याने मला पाठवला. आत चुंबकाची कांडी, आणि तिला काजळासारखा काळाकुट्ट, ग्रीससारखा गाळ चिकटलेला. मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. म्हटलं, हेच पाहिजे. तसाच चुंबकवाला डबा मागवला, बसवला, चार महिन्यांनी उघडला. कांडी लख्ख. बुडाशी वाळूसारखे चार काळे कण. ट्यूबच्या तळात मात्र पांढरं पीठ जसंच्या तसं.

भाच्याला फोन केला. तो हसला आणि म्हणाला, "मामा, अहो, आमच्या पाइपात तेच तेच पाणी फिरतं. तुमच्याकडे रोज नवं येतं."

ताटलीतली परीक्षा

त्या एका वाक्यावर मी दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन यायच्या आत, एक ट्यूब काढली आणि तळातला गाळ स्टीलच्या ताटलीत उपडा केला. ओट्यावर आणला. ही "शी, ओट्यावर काय!" म्हणेपर्यंत परीक्षा सुरूही झाली होती.

गाळ दोन प्रकारचा होता. वर गव्हाच्या कोंड्यासारखे पांढरट पापुद्रे, खाली खडूच्या पिठासारखा लगदा. पहिल्यांदा फ्रिजवरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यावरून फिरवलं. काही हाललं नाही. मग थोडा गाळ पेल्यात घेऊन पाणी घालून ढवळला आणि ठेवून दिला. माती असती तर पाणी गढूळ राहून तासाभराने तळाशी तपकिरी साय धरली असती. इथे पापुद्रे लगेच खाली बसले आणि वरचं पाणी जवळजवळ नितळ. शेवटी उरलेल्या गाळावर लिंबू पिळलं. सोड्यावर लिंबू पिळल्यासारखे बुडबुडे आले, चुरचुर आवाज आला, आणि हळूहळू पापुद्रे विरघळायला लागले.

चुंबकाला चिकटला तर लोखंड. पाण्यात तरंगत राहिला तर माती. लिंबाने फसफसला तर चुनखडीचा क्षार. बहुतेक घरांत तिन्हीची मिसळ असते, पण जास्त काय आहे ते दिसतं, आणि फिल्टर त्याच्यासाठी घ्यायचा.

हा क्षार पाण्यात येताना डोळ्यांना दिसतच नाही. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. म्हणजे घाण बाहेरून येत नाही, सोलरच्या पोटात तयार होते. तोंडाशी ५ मायक्रॉनचा कार्ट्रिज लावून ते अडवणं म्हणजे चहाच्या गाळणीने चहातली साखर गाळायचा प्रकार.

किती बसतो? पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातला हा क्षार, मोजायला रंग बदलणारं हार्डनेस किट मिळतं. पाण्यात थेंब टाकत जायचं, लालसर रंग निळा झाला की थेंब मोजायचे. माझ्या किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरला २५ मिलिग्रॅम. बोअरचं पाणी २० थेंबांना निळं झालं, म्हणजे ५००. महापालिकेचं सहा थेंबांना, म्हणजे १५०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, २०० ही पसंतीची मर्यादा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे आमचं बोअर अगदी वाईट म्हणावं असंही नाही. पण रोज २०० लिटर म्हणजे दिवसाला १०० ग्रॅम क्षार सोलरमधून जातो. त्यातला दहावा भाग जरी आत बसला तरी वर्षाला साडेतीन किलोच्या वर. पोह्यांच्या साडेतीन पिशव्या, त्याही दगडाच्या.

पेनासारखं टीडीएस मीटर सगळ्यांकडे असतं, पण ते सगळे क्षार एकत्र मोजतं. चुनखडी किती आणि साधं मीठ किती, ते त्याला कळत नाही. थेंबांचं किट जमत नसेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या, अहवालात एकूण कठीणपणा वेगळा लिहिलेला असतो.

चुंबकाचा फिल्टर मग कुणाला?

भाच्याच्या घराबद्दल थोडं लिहितो. सांगलीचे बरेच जण आता पोराबाळांकडे तिकडे जाऊन राहतात, आणि "बाबा, यातला कुठला घेऊ?" असे फोन इकडे येतात.

त्यांचं सेंट्रल हीटिंग म्हणजे बंद वर्तुळ. बॉयलरने तापवलेलं पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरून परत बॉयलरला येतं, तेच पाणी वर्षानुवर्षं. त्या पाण्यातला चुना पहिल्यांदा तापला की जेवढा बसायचा तेवढा बसतो आणि संपतो. पण रेडिएटर पोलादाचे. पाण्यातल्या ऑक्सिजनने ते आतून गंजतात आणि मॅग्नेटाइट नावाचा काळा गाळ तयार होतो. तो चुंबकाला चिकटतो, म्हणून चुंबकाचा फिल्टर. रेडिएटर खालून गार असेल तर गाळ, वरून गार असेल तर हवा. गाळ आणि हवा, आपल्या गच्चीवरही हीच दोन भुतं.

फिल्टर बसवतात ते परतीच्या पाइपवर, बॉयलरच्या अगदी अलीकडे. गाळ बॉयलरच्या अरुंद वाटांत शिरण्याआधी धरला जावा म्हणून. निवडताना भाच्याने आधी पाइपाची जाडी मोजली, घरात बहुधा २२ मिलिमीटर, मोठ्या घरात २८. मग बॉयलरखाली डबा उघडून कांडी बाहेर काढायला हाताएवढी जागा आहे का ते पाहिलं. दोन्ही बाजूंना व्हॉल्व पाहिजेत, नाहीतर दर वर्षी सगळी सिस्टिम रिकामी करावी लागते. आणि नुसतं चुंबक पुरत नाही. डाखाचे (सोल्डरचे) कण, जुना चुना, तांब्याचा कीस यांना चुंबक धरत नाही, म्हणून पाणी भोवऱ्यासारखं फिरवून जड कण तळाशी बसवणारा किंवा आत जाळीही असलेला घ्यावा. ब्रिटिश मानक बीएस ७५९३ च्या २०१९ च्या आवृत्तीत असा फिल्टर बसवायला सांगितलेलं आहे, त्यामुळे तिकडचा मेकॅनिक बॉयलर बदलताना तो सुचवतोच.

दोन गोष्टी मेकॅनिकला विचारायला हव्यात. आधीच साचलेला गाळ धुऊन काढणार का? फिल्टर फिरता गाळ धरतो, रेडिएटरच्या बुडाशी बसलेला उचलून आणत नाही. आणि पाणी भरल्यावर गंजरोधक रसायन किती घालणार? फिल्टर साफ करताना पाणी गेलं की ते रसायनही पातळ होतं. दर वर्षी कांडी काळीच निघत असेल तर फिल्टर बदलून काही होत नाही. कुठूनतरी हवा किंवा नवं पाणी आत येतंय, बारीक गळती असेल, ती शोधायची.

आता आपल्याकडचं

सोलरला माती अडवायला काही शे रुपयांचा पितळी वाय स्ट्रेनर पुरतो. इंग्रजी वाय अक्षरासारखा, आत जाळी, खाली बूच. पाऊण इंची लाइन असली तरी एक इंची घ्या, दाब कमी खातो. अंगावर बाण असतो तो पाण्याच्या दिशेने ठेवा आणि बुचाचं तोंड खाली. आमच्याकडे पहिल्यांदा प्लंबरने तोंड वर ठेवलं होतं, जाळीतला सगळा गाळ काढताना परत लाइनमध्ये. दोन्ही बाजूंना युनियन (सहज खोलता येणारा जोड) आणि बॉल व्हॉल्व असू द्या. स्ट्रेनर थंड लाइनवरच, गरम तोंडावर कधीच नाही. प्लास्टिकचे डबे तर गरम पाण्यात मऊच पडतात.

वायच्या जाळीतून बारीक चिखल जातोच. त्याला टाकीतच बसू द्यायचं. टाकीचं बाहेर जाणारं तोंड तळापासून चार इंच वर घ्या आणि अगदी बुडाशी वेगळा सांडव्याचा नळ काढा. पुराच्या दिवसांत मी टाकी रात्री भरून ठेवतो, सकाळी सांडवा दोन मिनिटं सोडतो. आई हंड्यात तुरटी फिरवायची, तेही टाकीत जमतं.

क्षाराचं मात्र गाळून भागत नाही. बाजारात त्यावर तीन-चार गोष्टी दाखवतात. पॉलिफॉस्फेटच्या काचेसारख्या गोळ्या क्षाराचे स्फटिक धरू देत नाहीत. ५०-५५ अंशांवर ठेवलेल्या गिझरला त्यांचा थोडाफार उपयोग होतो, पण सोलर मे महिन्यात ७०-८० च्या पुढे जातो आणि तेवढ्या उष्णतेत फॉस्फेटचं ते रूप टिकत नाही. पाइपाला बाहेरून तार गुंडाळायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र आमच्या गल्लीत एकाने लावलंय. त्याचा लुकलुकणारा दिवा छान दिसतो, ट्यूब तशाच भरतात. अंघोळीच्या पाण्याला आरओ लावू म्हणणाऱ्याशी मी बोलत नाही.

खरा उपाय सॉफ्टनर, तोच जो कारखान्यात होता. रेझिनच्या, म्हणजे कृत्रिम राळेच्या, बारीक मण्यांतून पाणी जाताना कॅल्शियम मण्यांवर राहतं आणि त्याच्या जागी सोडियम पाण्यात येतं. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे. शेजाऱ्यांकडे महापालिकेची जोडणीच नाही, सगळं बोअरवर, म्हणून त्यांना मी हाच घ्यायला लावला. हिशेब असा. २५ लिटर रेझिन, लिटरला साधारण ५० ग्रॅम क्षार धरतं, म्हणजे १२५० ग्रॅम. त्यांचं पाणी माझ्यासारखंच ५००, म्हणजे अडीच हजार लिटर पाणी मऊ होणार. फक्त सोलरला दिवसाला २०० लिटर लागतात, तेव्हा बारा दिवस. सगळ्या घराचे ८०० लिटर त्यातून काढले असते तर तिसऱ्या दिवशी मीठ. म्हणून सॉफ्टनर फक्त सोलरच्या लाइनला. दर रविवारी ते तीन-चार किलो मीठ घालतात. बाराव्या दिवसाची वाट बघत नाहीत, तेच बरं. सॉफ्टनरला पंपाचा दाब लागतो, त्यामुळे पंपाने त्यातून पाणी काढून एका छोट्या टाकीत भरतात आणि तिथून ते सोलरला उतरतं.

सॉफ्टनर लावल्यावर त्यांनी टीडीएस मीटर बुडवलं आणि माझ्यावर चिडले. "आकडा तेवढाच की हो!" तेवढाच राहणार. क्षार कमी होत नाही, फक्त त्याची जात बदलते. फेस आणून दाखवला तेव्हा पटलं. पाणी अंगाला बुळबुळीत लागतं, त्याची सवय होते. ५०० कठीणपणाच्या पाण्यात त्यामुळे लिटरला २३० मिलिग्रॅम सोडियम वाढतं, म्हणून ते पिऊ नये आणि तुळशीला घालू नये. आणि ऊस-पाण्यामुळे जमीन खारवलेल्या गावांत बोअरच मुळात खारट असतं, तिथे सॉफ्टनर खारटपणा काढत नाही. तिथे स्टीलच्या टाकीला क्लोराइडच खातं. नवा सोलर घेत असाल तर तिथे आतून काचेचा मुलामा दिलेली टाकी किंवा हीट एक्स्चेंजरचा सोलर बघा. हीट एक्स्चेंजरमध्ये कलेक्टरचं, म्हणजे उन्हात तापणाऱ्या भागाचं, पाणी वेगळं, तेच तेच फिरणारं, म्हणजे भाच्याच्या घरासारखंच.

मी स्वतः सॉफ्टनर घेतला नाही. साताऱ्याला मेहुण्यांकडे गेलो होतो, त्यांचा सोलर आमच्याच वर्षीचा. त्यांना कासचं पाणी, जांभ्याच्या पठारावर पडलेला पाऊस तलावात साठून आलेला. त्यांची एक ट्यूब काढून बघितली, तळाशी चमचाभर माती, बाकी काच स्वच्छ. एकही फिल्टर नाही. परत येताना एसटीत डोक्यात आलं की आपल्याकडेही सहा थेंबांचं पाणी आहे, ते आपण बागेला घालतोय आणि वीस थेंबांचं सोलरला. गच्चीवर लोखंडी घोडीवर ५०० लिटरची वेगळी टाकी बसवली, महापालिकेचं पाणी फक्त तिच्यात, आणि तिथून वायमधून सोलरला. बोअरचा नळ जोडून ठेवलाय, पण बंद. पाणी आलंच नाही तर उघडायला.

साफ करताना

नवा फिल्टर असो वा नवी टाकी, आतला जुना थर आधी काढावा लागतो. आदल्या संध्याकाळी ट्यूबवर ताडपत्री टाका, पहाटे काम करा. ट्यूब काढताना रबरी कडीला साबणाचं पाणी लावून हलके फिरवत वर घ्या, जोर केलात तर खालचं टोक आधी जातं. आधी ट्यूब उपडी करून पापुद्रे झटकून, धुऊन काढा. मगच सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्व, लिटरला ५० ग्रॅम. एका ट्यूबमध्ये पावणेतीन लिटरच्या आसपास पाणी बसतं, तेव्हा १३५ ग्रॅम लागतं आणि त्याने शंभरेक ग्रॅम क्षारच विरघळतो. झटकायच्या आधी आम्ल ओतलं तर ते वायाच जातं. बुडबुडे येतात तो वायू बाहेर पडायला तोंड उघडं ठेवा. तेच द्रावण फसफस थांबेपर्यंत पुढच्या ट्यूबला चालतं. ब्लीचिंग पावडर जवळपासही नको. टाकी वाचवायला स्वतः झिजणारी मॅग्नेशियमची कांडी आत असते, ती झिजून बारीक झाली असेल तर याच वेळी बदला.

या दिवाळीला बादली ८० सेकंदांत भरली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या एक तारखेला सेकंद लिहितो, आणि वायचं बूच महिन्यातून एकदा, पावसाळ्यात दर आठवड्याला उघडतो. थंड नळापेक्षा अजून पंधरा सेकंद जास्त लागतात, ते गरम लाइनच्या जुन्या जीआय एल्बोमुळे. तो बदलायला प्लंबर "उद्या येतो काका" म्हणालाय, त्याला आता तिसरा आठवडा.